बंदुकीतली एक दाब हवा

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हारुए सकाळच्या बोटीने पलीकडच्या गावात बंदूक आणायला गेली. बरोबर यानोंची इत्सुएकाकू होती. बंदूक काकूच्या नवऱ्याची, तात्यांची. छऱ्यांची, हवेवर चालणारी. नवरा वारल्यावर कायद्याप्रमाणे ती दुकानदाराकडे ठेवलेली होती. आता कागदावर ती हारुएची झाली होती. काकूचं तिथं काहीच काम नव्हतं.

"नवऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या खांद्यावर कशी दिसते ते बघते," बोटीत बसताना काकू म्हणाली. "आणि दुकानाशेजारी नूडल्स बरे मिळतात."

परवाना मिळायला सात महिने लागले होते. लेखी परीक्षा झाली, डॉक्टरचा दाखला झाला. मग चौकीतल्या तरुण हवालदाराने तिला समोर बसवून प्रश्न विचारले. बंदूक कशाला हवी? घरात भांडणं होतात का? सासूबाईंशी कसं आहे?

"रोज भांडतो," हारुए म्हणाली होती. "पण आवाज त्यांचाच मोठा."

हवालदाराने काय लिहून घेतलं कोण जाणे. चार दिवसांनी तो बेटावर येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारून गेला. ही बाई रात्री रडते का? एकटीच बोलते का? शेजारच्या शिगेओने सांगितलं, बोलते, पण संत्र्यांशी. ते तर इथे सगळेच बोलतात.

हारुएला बंदूक हवी होती ती बुलबुलांसाठी. हिवाळ्यात समुद्र ओलांडून त्यांचे थवे येतात. राखी, कर्कश, शेपटी लांब. पिकलेल्या संत्र्यात एकदा चोच घालायची आणि पुढच्यावर जायचं, अशी त्यांची रीत. हारुएचा नवरा मासाफुमी होता तोवर दोघं मिळून झाडांवर जाळी टाकत. जाळीला दोन माणसं लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मासाफुमी बागेच्या सगळ्यात वरच्या, अकराव्या पायरीच्या दगडी तालावरून, म्हणजे बांधाच्या भिंतीवरून पडला आणि जाळीचं दुसरं टोक धरणारं कुणी राहिलं नाही. उरल्या डोंगरउतारावरच्या अकरा पायऱ्यांची बाग, हारुए आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई.

दुकानदाराने बंदूक फडक्यातून काढली. अक्रोडाचा दस्ता हाताळून काळा झालेला. नळीखाली लांब दांडी. ती उघडायची आणि मिटायची, की एक दाब हवा आत भरते.

"पक्ष्याला आठ दाब," तो म्हणाला. "नवीन माणूस दहा मारतो, मग खांदा दुखतो आणि नेम हलतो. सूर्य उगवायच्या आधी नाही, मावळल्यावर नाही. आणि घरी ठेवताना एक दाब आत राहू द्यायचा. रिकामी ठेवलीत तर आतलं रबर सैल पडतं." त्याने बंदूक कानाशी नेली. "आत्ताही आहे बघा. तात्यांनी शेवटची भरलेली. दीड वर्ष झालं, टिकून आहे."

"हवासुद्धा सुखासुखी सोडली नाही मेल्याने," काकू म्हणाली. पण तिने दस्त्यावरून एकदा हात फिरवला, आणि मग नूडल्सच्या दुकानात ती फारशी जेवली नाही.

हंगाम पंधरा तारखेला उघडला. सूर्य वर आल्यावर हारुए तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. दांडी उघडायची, मिटायची. आठव्या दाबाला तिला अंगाचा भार द्यावा लागला. पहिल्या छऱ्याने पक्षी पडला. तिलाच धक्का बसला. हातात घेतला तेव्हा तो गरम होता, चोचीला रस लागला होता. बराच वेळ तिला त्याला पिशवीत टाकवेना.

दुसरा पक्षी वाऱ्याच्या आडोशाला लावलेल्या सुरूच्या कुंपणावर बसला होता. तिने नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्या छातीवर आणली. चाप ओढला.

आवाज झाला नाही. बंदुकीने नुसता श्वास सोडला. सुस्स्... लांब आणि सावकाश. पाठीवरचं ओझं खाली ठेवताना माणूस सोडतो तसा. छर्रा नळीतच राहिला. पक्षी उडून गेला.

आणि कुंपणामागून शिगेओ पॅन्ट सावरत उभा राहिला.

"वहिनी? काय चाललंय?"

हारुएने बंदूक गवतात ठेवली. पक्ष्याच्या मागे काय आहे ते न बघता तिने चाप ओढला होता. परीक्षेच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेली चूक.

"अरे देवा," शिगेओला उलगडा झाला. "परवाना मिळून दोन दिवस नाहीत आणि शेजाऱ्यावर नेम! ते पण बसलेल्या!"

तो हसत होता. तिला हसू येईना. आठ दिवसांनी बंदूक पुन्हा दुकानात नेली. दुकानदाराने ती खोलली, पुसली, मागच्या फळीवर दहा छर्रे झाडले. दोष काही नाही म्हणाला.

परतताना ती काकूकडे गेली. काकूने चहा ओतला. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हणजे अजून करते," ती म्हणाली.

शिकाऱ्यांत एका चुकीला नाव आहे, खसपस-धाड. झुडपात खसपस झाली की बघायचं नाही, धाड! तात्यांनी तरुणपणी एकदा तेच केलं होतं. झुडपात त्यांचा धाकटा भाऊ होता. डोळा गेला. भावाने चौकीत सांगितलं, काटा लागला. मरेपर्यंत तेच सांगितलं.

"त्यानंतर हे रोज सकाळी पहिला दाब भरताना काहीतरी पुटपुटायचे," काकू म्हणाली. "मी कधी ऐकलं नाही, विचारलंही नाही. पण पुढे माणूस असला की ही सुटायची नाही. एकदा नाही, चारदा झालं तसं. हे म्हणायचे, माझ्यापेक्षा ती शहाणी झाली."

हारुए घरी आली. बंदूक लोखंडी कपाटात ठेवण्याआधी तिने एक दाब भरला आणि त्या बंदुकीसमोर नकळत मान लववली.

नवं वर्ष लागलं. त्यांची संत्री उशिराच्या जातीची, जानेवारीत उतरायची. मासाफुमीच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी ती अकराव्या पायरीवर गेली. त्या पायरीवर ती सहसा जात नसे. कडेच्या झाडावर बुलबुल बसला होता. या वेळी तिने नीट पाहिलं. पक्ष्यामागे उघडा ताल, त्यामागे आभाळ. माणूस कुठेही नाही. तिने चाप ओढला.

सुस्स्...

ती जागेवरच थांबली. मग बंदूक खाली ठेवून झाडापाशी गेली. तालाच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. वाळलेल्या गवताचा आणि थंड दगडाचा वास. हीच ती कड होती.

परत येऊन तिने पुन्हा आठ दाब भरले. पक्षी तर केव्हाच उडाला होता. तिने झाडाच्या डावीकडे धरली. फट् करून छर्रा सुटला, दगडावर आपटला. उजवीकडे धरली. सुटला. पुन्हा झाडाच्या बुंध्याशी धरली, जिथे माणूस उभा राहिला तर त्याची छाती येईल तिथे.

सुस्स्...

"अहो," ती म्हणाली. दोन वर्षांत हा शब्द तिच्या तोंडात आला नव्हता. "अहो, तुम्ही आहात का?"

 त्या संध्याकाळी खाली उतरताना तिला थकवा जाणवला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराव्या पायरीवर बंदूक नीट सुटली. तिचं मन खट्टू झालं. मग दहाव्या पायरीवर, गोड्या संत्र्याच्या जुन्या झाडाशी, श्वास ऐकू आला. त्याच्या पुढच्या दिवशी नवव्या पायरीवर. ती रोज जाऊ लागली. आधी शोधायचं, सापडला की बंदूक गवतात ठेवायची आणि तिकडे तोंड करून बसायचं. तिने त्याला सगळं सांगितलं. नवा कृषी अधिकारी किती मूर्ख आहे. पेट्या खाली आणणाऱ्या मोनोरेलच्या गाडीचं इंजिन खोकतं. आई रोज संध्याकाळी विचारतात, फुमी आला का. तीनदा सांगितलं, तीनदा रडल्या, तीनदा विसरल्या. आता मी नुसतं म्हणते, येतील.

एकच गोष्ट तिला डाचत होती. तो आहे की नाही हे कळायला दर वेळी त्याच्यावरच नेम धरावा लागे. चाप ओढावा लागे. पहिल्यांदा ओढताना ती कितीतरी वेळ अडखळली होती. चौथ्या दिवशी अडखळली नाही, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

"वहिनी, सगळ्यांची संत्री उतरली," शिगेओने रस्त्यात अडवलं. "तुमची काय प्रदर्शनाला ठेवलीत?"

"उद्यापासून काढते," ती म्हणाली, आणि काढली नाही.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी भाताचा वाडगा खाली ठेवला.

"फुमी आज आठव्या पायरीवर होता. दमलेला दिसला गं."

हारुएच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या. तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि सासूबाईंच्या खोलीतून डोंगर दिसतच नाही, दिसते ती शेडची भिंत.

"तुम्हाला कुणी सांगितलं आई?"

"सांगायला कशाला हवं? माझंच पोर आहे."

तेव्हा तिला पहिल्यांदा ते कळलं, जे इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. अकरा, दहा, नऊ, आठ. तो फिरत नव्हता. तो खाली येत होता. घराकडे.

आणि सासूबाईंनी 'फुमी आला का' विचारणं चार दिवसांपासून बंद केलं होतं.

सातव्या पायरीच्या दिवशी त्यांनी जाड पायमोजे काढून ठेवायला सांगितले, चांगले, लग्नाकार्यातले. पाचवीच्या दिवशी केस विंचरून मागितले. "आम्हाला जायचंय ना," त्या सहज म्हणाल्या. केस किती कमी झाले होते. कंगवा हळू फिरवताना हारुएला जाणवलं, की या घरात आपल्याशी भांडणारं हे एवढंच माणूस उरलं आहे.

ती काकूकडे धावली आणि सगळं सांगितलं. काकूने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आईला न्यायला येतोय..."

"मला तसंच वाटतंय, काकू."

"अडवणारी तू कोण, मी कोण? पण बोल त्याच्याशी. बायकोचं ऐकायचा तो." मग ती म्हणाली, "आणि पोरी... आता बंदूक नको धरूस त्याच्यावर. कितीदा मारशील?"

पण पहिल्या पायरीच्या दिवशी तिला धरावीच लागली. पहिली पायरी म्हणजे परसातलाच ताल. त्यावर ओळीने झाडं, शेवटचं झाड स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बारा पावलांवर. सूर्य समुद्रापासून हातभर वर होता. तिने छर्रा न घालताच दांडी मारली आणि झाडामागून झाड बघत गेली. फट्. फट्. शेवटच्या झाडाशी...

सुस्स्...

इतक्या जवळून तो श्वास तिच्या गालाला लागल्यासारखा वाटला. तिने बंदूक जमिनीवर ठेवली आणि गुडघे टेकले.

"आईंना नका नेऊ," ती म्हणाली. "आत्ता नका. बाग तशीच आहे. अजून एक पेटीसुद्धा उतरली नाही, मी एकटी आहे, मला निदान... शेवटचं फळ उतरेपर्यंत तरी त्यांना राहू द्या. मग मी काही म्हणणार नाही."

दुसरं काही तिला सुचलं नाही. बागेतल्या माणसाला मुदत मागायची तर तो एवढंच मागतो, माल उतरेपर्यंत थांबा.

सूर्य बुडाला. तिने आत जाऊन बंदूक कुलपात ठेवली. सासूबाई पायमोजे घालून दाराशी बसल्या होत्या. बराच वेळाने त्यांनी ते स्वतःच काढले. "थांब म्हणाला," त्या पुटपुटल्या, आणि रुसून जेवल्या नाहीत.

सकाळी हारुए हलक्या मनाने वर गेली. मुदत मिळाली होती. तिने मनाशी ठरवलं होतं, या वर्षी संत्री काढायचीच नाहीत. मेपर्यंत झाडावर राहू देत.

अकरावी पायरी रिकामी होती.

एकूण एक झाड उतरलेलं. तालाच्या कडेला पेट्या रचलेल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तिने एक फळ उचललं. देठ फळाशी लागून कापलेला, बोट फिरवलं तरी टोचणार नाही असा. आधी देठ राखून एक कात्री, मग फळाशी दुसरी, म्हणजे पेटीत शेजारच्या फळाला ओरखडा जात नाही. मजुरीची माणसं दुसरी कात्री चुकवतात. मासाफुमीने कधी चुकवली नाही. देठ अजून ओला होता.

पुढच्या सकाळी दहावी पायरी. मग नववी. रात्री ती अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडे. आवाज काहीच येत नसे. तो कष्टाळू होता. बायकोने एकटीने होत नाही म्हटलं, आणि तो कामाला लागला.

"बत्त्या लावून रात्री काढता काय?" शिगेओ पेट्या बघून थक्क झाला. "मला हाक मारायची की!"

"हो," हारुए म्हणाली. "पुढच्या वर्षी मारते."

अकराव्या सकाळी परसातली झाडंही उतरली. ती खिडकीशी उभी राहिली. मग तिला दिसलं. प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर एक, एकच फळ ठेवलेलं होतं. वरच्या पायऱ्यांवरही तसंच होतं, तिने शेंड्यांकडे पाहिलंच नव्हतं. झाडाचा राखणदार म्हणतात त्याला. झाड रितं करू नये, एक फळ झाडाचं झाडाला ठेवावं, अशी बेटावरची पद्धत. मासाफुमी ती पाळायचा. आज पाळली ती पद्धत म्हणून, की तिच्यासाठी, हे तिला कळेना. पण ती शेवटचं फळ म्हणाली होती. आणि शेवटचं फळ अजून झाडावर होतं.

सगळ्या डोंगरात आता खायला तेवढंच उरलं होतं, आणि बुलबुल ते जाणून होते.

हारुए पहाटे चढायची आणि सूर्यास्ताला उतरायची. आठ दाब, एक छर्रा. तिचा खांदा काळानिळा पडला. नेम आता क्वचितच चुके. तरी रोज चारदोन झाडं जात होती. तिने फळांना कागदी पिशव्या बांधल्या. सकाळी पिशव्या घडी घालून तालावर ठेवलेल्या मिळाल्या, वर दगड ठेवून. राखणदाराला झाकत नसतात, हे तो तिला हयातीतही सांगायचा.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला वरच्या दहा पायऱ्या संपल्या. तेराला एकच फळ उरलं. परसातलं, शेवटच्या झाडाचं.

त्या दिवशी ती हललीच नाही. खिडकीखाली पाठ टेकवून, बंदूक मांडीवर घेऊन बसली. आत सासूबाई रेडिओ लावून डुलक्या घेत होत्या. दुपार गेली. थंडी दगडातून वर येऊ लागली. सूर्य समुद्राला टेकायच्या बेतात असताना एक बुलबुल आला आणि फळाशेजारच्या काटकीवर बसला. मान तिरपी करून त्याने फळाकडे पाहिलं.

मागे ताल. त्यामागे उतार. माणूस नाही. हारुएने श्वास रोखला, माशी छातीवर आणली.

सुस्स्...

तिने बंदूक खाली केली नाही. डोळे मिटले नाहीत. पक्ष्याने चोच उघडली, आणि मग कुणीतरी हात हलवून हाकलावं तसा तो दचकून उडाला. फळ तसंच राहिलं. अखंड, पिवळंजर्द.  "अहो," ती म्हणाली, "अहो, तुम्ही..."

झाडात कात्री वाजली. एकदा. मग जरा जवळून, दुसऱ्यांदा.

डहाळी वर उसळली. तिला फळ नव्हतं. खाली गवतातही नव्हतं.

हारुए उठायला गेली, पण पाय बधिर झाले होते. भिंतीला धरून उभी राहते तोच खिडकीच्या फटीतून ताज्या सोललेल्या संत्र्याचा वास आला. आत रेडिओ बंद झाला होता. सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात.

"मला नको रे एवढं... अर्धं तू खा."